उशिरा आलेली पाहुणी

निवृत्तीनंतर आम्ही दोघं नवरा-बायको मोलगी या आदिवासी भागातल्या गावी मिशनमध्ये सेवेला आलो. मुलाला सुट्टी मिळाली नाही, म्हणून पहिला नाताळ सुनासुनाच गेला. दोन-चार दिवसांनी मी कागदी चांदणी उतरवत होतो, तेवढ्यात डोंगरातून एक म्हातारी आली. डोक्यावर भगरीचं गाठोडं, काखेत कोंबडी.

“नाताळाला आले,” म्हणाली.

“मावशी, सण झाला की!” मी म्हणालो.

“सगळ्या गावांचा एकाच दिवशी?” तोंडाला पदर लावून ती खुदखुदली. “मग पाहुणा कोण होणार? आमच्यात गावागावाची दिवाळी निराळ्या दिवशी. आज तुम्ही आमच्याकडं, उद्या आम्ही तुमच्याकडं.”

आणि तिनं चुलीपाशी बैठकच मारली.

बायकोनं मला चांदणी परत वर चढवायला लावली आणि मुलाला फोन केला, “सुट्टी मिळेल तेव्हा ये रे. आमचा नाताळ अजून व्हायचाय!”