अ आणि ब बाटलीतल्या माश्या

आमच्या कॉलेजात पहिल्या वर्षाला आनुवंशिकी मी शिकवतो. तासाला पोरं येतात कारण हजेरी लागते, आणि प्रात्यक्षिकाला येतात कारण तिथे उभ्याउभ्या गप्पा मारता येतात. यात मला वाईट वाटून घेण्यासारखं काही नाही. त्या वयात मीही दुसरं काही करत नव्हतो. त्यामुळे एका वर्षी पहिल्या बाकावर माझ्याच वयाची एक बाई वही उघडून, पेनाचं टोपण काढून बसलेली दिसली, तेव्हा मला वाटलं, कुणाची तरी आई तक्रार घेऊन आली आहे. "आपण नंतर ऑफिसात बोलू," असं मी म्हणालोसुद्धा.

"मी विद्यार्थिनी आहे, सर," ती म्हणाली. मागच्या बाकांवर हशा पिकला.

आठवडा उलटायच्या आत तिची 'काकू' झाली. ती एका चष्म्याच्या दुकानात काउंटरवर होती. गिऱ्हाइकाच्या नाकावर फ्रेम बसवायची, काड्या गरम करून कानामागे वाकवायच्या, हे तिचं काम. दुकान उशिरा उघडायचं आणि कॉलेज सकाळचं, म्हणून दोन्ही जमायचं. तासाला ती एक शब्द सोडायची नाही. मी विनोद केला तर तोही उतरवून घ्यायची, आणि मग मान वर करून विचारायची, "हे परीक्षेला आहे का?" माझ्या विनोदांना इतकं गंभीरपणे आजवर कुणी घेतलं नव्हतं.

प्रभावी आणि अप्रभावी गुण शिकवून झाले, त्या दिवशी ती स्टाफरूमच्या दारात येऊन उभी राहिली. बस म्हटलं तर बसली नाही.

"सर, माझा मुलगा जन्मापासून बहिरा आहे. एकुलता एक. त्याला जिच्याशी लग्न करायचंय ती मुलगीही तशीच. त्याच्याच शाळेतली. त्यांना मुलं कशी होतील, एवढं मला कळायला हवंय. बाकीचा अभ्यासक्रम नाही कळला तरी चालेल."

मी म्हटलं, "हे पहिल्या वर्षाच्या पुस्तकात सापडायचं नाही. दोघांची तपासणी करून घ्या, तिथले डॉक्टर सांगतील."

"मुलाची केली. अहवाल आला तो डोक्यावरून गेला. डॉक्टरांनी समजावलं तेही गेलं. मी नुसती मान हलवत बसले. आणि मुलगी तपासणीला तयारच नाही. म्हणते, मला काय झालंय म्हणून तपासून घेऊ?"

"मग?"

"मी दोघांना सांगितलंय, एक वर्ष थांबा. मला शिकू दे, मग हो की नाही ते सांगते. ह्यांचं म्हणणं, पोरं सज्ञान आहेत, तू मध्ये पडू नकोस. पण मुलगा थांबलाय. मी नको म्हटलं तर तो करायचा नाही, मला माहितीये."

म्हणजे एक लग्न माझ्या पेपरावर अडलं होतं. त्या पेपरावर आजवर कुणाचं काहीच अडलं नव्हतं. अगदी नापास झालेल्यांचंही नाही.

आमची प्रयोगशाळा लांबट आहे, खिडक्या एकाच बाजूला, आणि तिला कायम आंबूस वास येतो. मक्याचं पीठ, साखर आणि यीस्ट शिजवून बाटलीच्या तळाशी ओतायचं, त्यावर फळमाश्या सोडायच्या, तोंडाला कापसाचं बूच. पिकल्या केळ्यावर घोंघावतात त्याच ह्या माश्या, तिळाएवढ्या. ईथरने त्यांना गुंगी द्यायची, पांढऱ्या फरशीच्या तुकड्यावर ओतायचं, आणि रंगाच्या बारीक ब्रशने नर एकीकडे, माद्या एकीकडे करायच्या. गुंगी जास्त झाली की पंख काटकोनात उभे राहतात. तसे राहिले की समजायचं, माशी गेली. काकूंची पहिली अख्खी बाटली अशीच गेली. नको असलेल्या माश्या टाकायला आम्ही तेलाची एक बरणी ठेवतो, तिला पोरं स्मशान म्हणतात. त्या दिवशी स्मशानात बरीच भर पडली.

संकर करायचा तर मादी कोवळी लागते, नराशी गाठ न पडलेली. त्यासाठी सकाळी बाटली पूर्ण रिकामी करायची आणि पुढच्या काही तासांत कोशातून बाहेर पडतील तेवढ्याच माद्या उचलायच्या. "कुमारिका गोळा करा," असं मी फळ्याजवळून म्हटलं की दरवर्षी वर्गात खसखस पिकते. दरवर्षी मी ती पिकू देतो. काकूंनी 'कुमारिका' हा शब्द वहीत लिहिला आणि त्याखाली रेघ मारली. शिपाई कुलूप काढायला यायचा तेव्हा त्या दारात उभ्या असायच्या. पोरं माद्या उचलायला टंगळमंगळ करायची आणि मग काकूंकडे उसन्या मागायची. काकू द्यायच्या, पण ऐकवल्याशिवाय नाही. "लग्नाच्या मुली अशा ऐन वेळी शोधतात का रे?" म्हणायच्या.

हिवाळा सरत आला की मी एक प्रयोग देतो. दोन बाटल्या, अ आणि ब. दोन्हींतल्या माश्यांचे डोळे भडक लाल. साध्या माशीचे असतात विटकरी, त्यामानाने हे लगेच ओळखू येतात. अ आणि ब शेजारी ठेवल्या तर मलाही चिठ्ठी वाचल्याशिवाय सांगता येत नाही कुठली कुठली. अ मधली मादी घ्या, ब मधला नर घ्या, पिलं कशी होतील ते आधी लिहा आणि मग पाहा, एवढंच सांगायचं. सगळे लिहितात: सर्व भडक. आईचे भडक, बापाचे भडक, मग पिलांचे दुसरे कसले असणार? आणि बाटलीतून बाहेर पडतात सगळ्या विटकरी डोळ्यांच्या माश्या.

मग पोरांची पाचावर धारण बसते. आपल्याच हातून घोळ झाला, कुठली तरी साधी माशी आत शिरली, असं जो तो धरून चालतो, आणि बहुतेक जण गुपचूप 'सर्व भडक' असंच लिहून जर्नल पुढे करतात. मी सही करतो. दुसऱ्या दिवशी तासाला कुणाकुणाच्या बाटलीत चमत्कार झाला ते चवीने विचारतो. वर्षातला हा आठवडा मला फार आवडतो.

काकूंनी खोटं लिहिलं नाही, पण खरंही लिहिलं नाही. विटकरी माश्या दिसताच सगळी बाटली स्मशानात ओतली आणि पहिल्यापासून सुरुवात केली. पुन्हा तेच झालं. पुन्हा ओतली. तिसऱ्या वेळी हातात बाटली घेऊन त्या माझ्या टेबलाशी आल्या तेव्हा अगदी रडकुंडीला आल्या होत्या.

"सर, माझ्या हाताला यश नाही. बूच घट्ट असतं, ब्रश धुतलेला असतो, तरी कुठून तरी परकी माशी शिरते. नासवते सगळं."

"परकी कुणी शिरलेली नाही," मी म्हटलं. "ही ह्याच दोघांची मुलं. ओतू नका."

मग समजावून सांगितलं. डोळ्याचा विटकरी रंग तयार व्हायला बऱ्याच गोष्टी लागतात. अ माशीजवळ त्यातली एक नसते, ब जवळ दुसरी. एक काहीही कमी पडलं तरी डोळा दिसायला भडकच. पण पिलाला प्रत्येक गोष्टीची आईकडून एक प्रत मिळते, बापाकडून एक. आईकडे जे नाही ते बापाकडे धड असतं, बापाकडे नाही ते आईकडे. पिलाचं काहीच अडत नाही.

काकू स्टुलावर बसल्या. बाटली मांडीवर.

"म्हणजे दोघं बहिरे असले, पण कारण वेगवेगळं असलं, तर मुलं ऐकणारी? सगळी?"

"कारण वेगळं असलं तर. एकच असलं तर सगळी बहिरी. दोन्ही होऊ शकतं, आणि मुलीची तपासणी झाल्याशिवाय कुणीच सांगू शकत नाही. मीही नाही."

पण त्यांनी माझं पहिलंच वाक्य ऐकलं, हे मला चेहऱ्यावरून दिसत होतं. शिक्षकाला ते दिसतं. "सर, त्या दोघांना इथे आणू का? तिने एकदा डोळ्यांनी पाहिलं तर तपासणीला तयार होईल," त्या म्हणाल्या. मी हो म्हटलं. नाही म्हणायला कारण नव्हतं, आणि खरं सांगायचं तर मला उत्सुकताही होती.

शनिवारी दुपारी, बॅच गेल्यावर, तिघं आली. मुलगा छापखान्यात यंत्रावर काम करणारा, उंच, नखांत शाई. मुलगी एका घरबांधणीच्या कचेरीत नकाशे काढणारी, कोपरापर्यंत बाह्या सारलेल्या. दोघांचं आपसात अखंड चाललं होतं. हात इतके भराभर चालत होते की मला खुणा सुट्या दिसतच नव्हत्या. मधेच दोघं हसायची. मग मुलगा आईकडे वळला की त्याचे हात एकदम संथ व्हायचे. ओठ मोठे हलवत, एकेक खूण सुटी करत तो तिला सांगायचा, आपण लहान मुलाशी बोलतो तसं. काकूंच्या स्वतःच्या खुणा मोठ्या होत्या आणि मोजक्या. ये, बस, जेव, बघ, पैसे, गप्प. त्याच्या लहानपणी घरात लागल्या तेवढ्या.

एवढ्या सामग्रीवर त्यांनी आनुवंशिकी शिकवायला घेतली. अ बाटली दाखवली, ब दाखवली, दोन बोटं जोडली, तिसरी बाटली दाखवली. मुलीला मायक्रोस्कोपशी बसवलं. 'कारण' ह्या शब्दापाशी गाडी अडली तेव्हा फळ्यावर लिहिलं. मुलीने फळा वाचला, पुन्हा मायक्रोस्कोपात पाहिलं, बराच वेळ पाहिलं. तिला कळलं होतं. माझ्या निम्म्या वर्गाला लागतो त्यापेक्षा कमी वेळात कळलं. मग तिने हात उचलले. ती मुलाशी बोलायची, मुलगा आईशी, आणि आई मला तोंडाने सांगायची.

"ती विचारतेय, भडक डोळ्यांच्या माशीला त्रास काय होतो?"

"बाटलीत तरी काही नाही," मी म्हटलं. "खाते, उडते, पिलं होतात."

हे उलट्या वाटेने तिच्यापर्यंत गेलं. त्यावर ती बराच वेळ बोलली. मुलगा मात्र आईकडे वळेना. त्याने मान हलवली, बहुतेक 'राहू दे' म्हणाला. मुलीने त्याला कोपराने ढोसलं. तेव्हा कुठे तो वळला आणि सावकाश, एकेक खूण करत सांगू लागला. काकू त्याच्या ओठांकडे पाहत मोठ्याने बोलत गेल्या. त्यांना थांबता आलं असतं. मला काय कळणार होतं?

"ती म्हणते, आई वर्षभर रोज सकाळी इथे येतात. माश्यांचं सगळं शिकल्या. आमची मुलं ऐकणारी होतील का, ते बघायला." त्यांनी पुन्हा मुलाच्या ओठांकडे पाहिलं. "ती म्हणते, ऐकणारी झाली तर आई त्यांच्याशी बोलतील. आणि बहिरी झाली तर काय करतील? ती म्हणते... एका वर्षात आमची भाषा आली असती."

सांगून झाल्यावर त्यांनी मुलाकडे पाहिलं. त्याने मान डोलावली: बरोबर सांगितलंस. मला त्या मुलीचा राग आला होता, हे मी कबूल करतो. वर्षभर पहाटे उठणाऱ्या बाईला असं तोंडावर बोलतात का? पण तिचं चुकलं कुठे, तेही मला सांगता येईना. काकूंनी बाटल्या खोक्यात नीट लावल्या, फळा पुसला, आणि तिघं गेली. लग्न पुढच्याच महिन्यात झालं. तपासणी झाली नाही.

काकू परीक्षेला बसल्या आणि पहिल्या वर्गात पास झाल्या. दुसऱ्या वर्षाला त्यांचं नाव नव्हतं. मी चौकशी केली तर कळलं, सकाळी त्या कुठे दुसरीकडे शिकायला जातात. मी जरा नाराजच झालो. अशी विद्यार्थिनी काही दरवर्षी मिळत नाही.

मध्ये काही वर्षं गेली. माझ्या चष्म्याचा नंबर वाढला म्हणून मी त्यांच्या दुकानात गेलो. त्यांनी ओळखलं, खुर्ची दिली, फ्रेमा समोर मांडल्या. सुनेचं काम छान चाललंय, नात तीन वर्षांची झाली, असं बोलत बोलत त्यांनी माझ्या नाकावर फ्रेम बसवली. विचारू नये असं ठरवलं होतं, पण जित्याची खोड.

"ऐकू येतं तिला?"

"नाही," त्या म्हणाल्या. ह्या फ्रेममध्ये काळा रंग नाही, असं सांगावं तसं. "मान सरळ ठेवा, सर."

म्हणजे दोघांचं कारण एकच होतं. माझ्या डोक्यात लगेच फळ्यावरची आकृती उभी राहिली. काहीतरी बोलायला हवं होतं, पण जे जे सुचलं ते सांत्वनाचं होतं, आणि समोरची बाई काड्या वाकवण्यात गुंतलेली. तेवढ्यात पडद्यामागून एक पोरगी धावत आली आणि काकूंचा पदर ओढून हातांनी भराभर काहीतरी विचारू लागली. काकूंनी माझी फ्रेम काउंटरवर ठेवली आणि तितक्याच भराभर उत्तर दिलं. तिने आणखी विचारलं, ह्यांनी आणखी सांगितलं. त्यांची बोटं मला सुटी दिसत नव्हती. दोघी हसल्या, आणि पोरगी माझ्याकडे टक लावून पाहत राहिली.

"काय म्हणते?" मी विचारलं.

"विचारतेय, ह्या आजोबांना बोलता येत नाही का?"

"मग काय सांगितलंत?"

"म्हटलं, नाही येत."