शेवंतीबाईंच्या पुस्तकावरचा माझा अभिप्राय

हे मी अजून कुणालाच सांगितलेलं नाही. आईलाही नाही — आणि आईला तर मी वाचलेलं प्रत्येक पुस्तक वाचून दाखवतो.

आपल्या वाचनालयाच्या वार्षिक अंकासाठी यंदा वाचलेल्या पुस्तकांबद्दल मोकळेपणानं लिही, असं मला सांगितलंय. सुर्ल्याच्या आमच्या वाड्यावरून कॉलेजात गेलेला पहिला मुलगा, म्हणून तुम्ही माझं मत मानता. तर लिहितो. शहरातल्या एका डॉक्टरच्या घरावरची ती जाड कादंबरी तुमच्यापैकी पुष्कळांनी नेली असेल. मला ती आवडली नाही. त्यातली बाई सारखी खिडकीशी उभी राहून विचार करते. चार प्रकरणं ऐकून आई म्हणाली, “हे बायलेक घरांत काम ना काय रे?” माझं मतही तेवढंच. दुसऱ्या त्या निवृत्त अधिकाऱ्याच्या आठवणी. भाषा चांगली, पण एवढ्या मोठ्या पुस्तकात तो एकदाही चुकत नाही. अशा माणसावर माझा विश्वास बसत नाही —

इथं माझं पेन थांबलं. कुणावर विश्वास ठेवायचा, हे मी सांगणार?

म्हणून तिसऱ्या पुस्तकाकडे येतो. ते यंदाचं नाही. यंदा मी ते पुन्हा वाचलं. कपाटात खालच्या खणात आहे, पातळसं, पिवळ्या कव्हराचं. नेणारं कुणी नाही. का नाही — त्याला मी कारण आहे.

शेवंतीबाई सिंधुदुर्गातून आमच्याकडे खाणीच्या कामाला आल्या होत्या. चौथीपर्यंत शिकलेल्या. त्यांच्या मुलानं सावंतवाडीच्या छापखान्यात त्यांच्या आठवणी छापून घेतल्या. आपण त्यांना बोलावून त्या पुस्तकावर चर्चा ठेवली होती, आठवतं? मी तेव्हा कॉलेजच्या पहिल्या वर्षाला होतो. गोवा नुकतंच राज्य झालेलं, आणि भाषेचा वाद अजून सगळ्यांच्या तोंडात होता. त्यामुळे चर्चा निम्म्याहून जास्त त्यावरच झाली. हे मराठी म्हणायचं की कोकणी? कुणी म्हणालं, छे, ही तर मालवणी. मागून एकजण ओरडला, “दोगांकय नाका जाल्यार म्हाका दियात! म्हज्या घरांत हीच उलयतात!” दोघांना नको तर मला द्या, आमच्या घरात हीच बोलतात, हे ऐकून सगळे हसले. शेवंतीबाई दाराजवळच्या खुर्चीवर, पदर घट्ट धरून, कुणाकडेच न बघता बसल्या होत्या.

पुस्तकात त्यांची धाकटी बहीण आहे — सुमन. तेव्हा आमच्या लहान धक्क्यावर बाया खनिजाची माती पाट्यांत भरून, फळीवरून चालत जाऊन बार्जमध्ये, म्हणजे नदीतल्या मालवाहू बोटीत, ओतायच्या. एक दिवस फळी तडकली. बायांनी मुकादमाला दाखवली. मुकादम म्हणाला, ओहोटी लागायच्या आत बार्ज भरून निघाला पाहिजे, चला. सुमन पाटीसकट धक्का आणि बार्ज यांच्यामधल्या पाण्यात गेली. तिचं प्रेत खाली नदीत, आमोण्याच्या बाजूला मिळालं. मुकादमानं वर कळवलं, मुलगी त्या दिवशी कामावर नव्हतीच. नदीत न्हायला गेली होती. घरच्यांना काही मिळालं नाही. वर बोलणं मिळालं — पोरीला एवढ्या पाण्यात जायला कुणी सांगितलं होतं?

आणि मग ती चुंबळ. डोक्यावर पाटीखाली ठेवायची कापडाची चुंबळ शेवंतीबाईंना धक्क्याखालच्या चिखलात सापडली. न्हायला जाणारी मुलगी चुंबळ घेऊन कशाला जाईल? — एवढंच त्यांनी लिहिलंय.

तुम्ही मला विचारलंत, “तू सुर्ल्याचा. हे असं घडलं होतं काय?”

मी उभा राहिलो. आणि काय बोललो? म्हणालो, लेखिकेचं दुःख खरं आहे, पण प्रसंग रचलेला वाटतो. चुंबळ तर सिनेमात शोभेल अशी. आमच्या गावात असं काही ऐकिवात नाही. आठवणी लिहिणाऱ्यानं सत्याशी प्रामाणिक राहायला हवं — हे वाक्यसुद्धा मी म्हणालो. नुकतंच कॉलेजात ऐकलं होतं. तुम्ही माना डोलावल्या.

तो मुकादम म्हणजे माझे बाबा.

शेवंतीबाईंनी त्यांचं नाव लिहिलेलं नाही. पण लिहिलंय की दुसऱ्या दिवशी संध्याकाळी मुकादम तांदळाचं पोतं घेऊन त्यांच्या खोपटीत आला. पोत्याचं दुसरं टोक त्याच्या मुलानं धरलं होतं. तो मुलगा मी. बाबा खाली बसून हळू आवाजात म्हणाले, “न्हावंक गेल्ली, इतलेंच सांगचें. तुमच्याच बऱ्याक.” शेवंतीबाईंच्या मांडीवर चुंबळ होती. ओली, लाल चिखलानं माखलेली. बाबा बोलत होते तोवर मी तिच्याकडेच बघत होतो. पुस्तकात ते आहे — मुकादमाच्या पोरानं चुंबळीवरची नजर काढली नाही. माझ्याबद्दल एवढी एकच ओळ. रागाची नाही.

म्हणजे जे मी डोळ्यांनी पाहिलं, तेच मी सिनेमातलं म्हणालो. पुस्तकात मी साक्षीदार होतो, आणि सभेत ते पुस्तक मीच खोटं पाडलं.

चर्चा संपल्यावर चहा होता. शेवंतीबाई माझ्याजवळ आल्या. “तू मुकादमाचो झील मा रे?” मुकादमाचाच मुलगा, म्हणून मी मान हलवली. त्या म्हणाल्या, “बरा बोललंस. शिकल्यासारखा बोललंस.” टोमणा होता का? मी कितीदा तो आवाज आठवून पाहिलाय. टोमणा वाटत नाही. तेच जास्त त्रास देतं. चहा तसाच ठेवून त्या बस पकडायला गेल्या. पुढं काही लिहिल्याचं ऐकलं नाही.

तेव्हापासून कुठलंही पुस्तक उघडलं की मी त्यात कडेला उभा राहून बघणारा एक मुलगा शोधतो. सापडला, की पान उलटतो. धक्क्यावर आता यंत्रं आली, फळ्या गेल्या. मी मात्र बार्ज लागलेला दिसला की बाजूच्या पाण्याकडे बघतो. वयाचं कारण मी सांगणार नाही. पोतं धरलं तेव्हा लहान होतो. सभेत उभा राहिलो तेव्हा नव्हतो.

सभेच्या आठवड्यात मी पुस्तक आणलं नाही असं वाटून आईनं विचारलं होतं, “आयज पुस्तक हाडूंक ना?” मी म्हटलं, आणलंय, पण हे कठीण आहे. ती हसली. “कठीण? तुका?”

हा अंक छापून आला की ती नेहमीसारखी समोर बसेल आणि म्हणेल, वाच. बाबा ओसरीवर असतील, त्यांना ऐकू जाईल. मी सगळं वाचीन.

तर माझा अभिप्राय असा. पुस्तक खरं आहे. फळी तडकलेली होती, असं पोतं देऊन परतताना बाबा वाटेत स्वतःच पुटपुटले होते. चुंबळ मी पाहिली आहे. सुमन त्या दिवशी कामावर होती.