मामांची धडक

माझ्या बायकोचे मामा आयुष्यात कधी कुणाला बगल देऊन पुढे गेले नाहीत. समोर येईल त्याला धडकायचं, एवढंच त्यांना ठाऊक. अंगकाठी म्हणाल तर ओल्या कपड्यांसकट पन्नास किलो भरायची नाही. पण घराण्यात पूर्वी मेंढरं होती. निमगाव केतकीच्या त्या घरी मेंढरं जाऊन ऊस आला, तरी मामांच्या डोक्यातून एडका काही गेला नाही. जत्रेतल्या टकरीत त्यांच्या बारक्या एडक्याने कधीकाळी एका धिप्पाड एडक्याला पळवून लावलं होतं. तेवढ्या भांडवलावर मामांनी साऱ्या जगाचा नियम बसवला. "पाव्हणं, वजनाला कोण इचारतंय?" ते मला सांगत. "जेवढं मागं सराल, तेवढी धडक मोठी!"

त्यामुळे मामा प्रत्येक गोष्टीआधी मागे सरत. घराचं दार अडकलं की अंगणाच्या टोकाला जात आणि धावत येऊन खांदा मारत. दार बाहेरच्या बाजूला उघडतं, हे त्यांना सांगायची सोय नव्हती, कारण मग ते सांगणाऱ्याकडे बघत मागे सरू लागत. सोसायटीच्या सभेत चेअरमनला जाब विचारायला उठले की इतके मागे जात की दाराबाहेर पडत, आणि चेअरमन तत्परतेने पुढचा विषय घेत. मामींशी भांडण तर पाहण्यासारखं. मामी वजनाने त्यांच्या दुप्पट, चुलीपुढे बसल्या की बसल्या. चहात साखर कमी पडली की मामा थेट गोठ्यापर्यंत माघार घेत आणि तिथून धावत येत, "ह्यो काय च्या हाय?" मामी भाकरी थापत म्हणत, "व्हय, च्याच हाय." मामी तसूभर हलत नसत.

गेल्या गळीत हंगामात उसाने भरलेली एक ट्रॉली मामांच्या शेताची वाट अडवून उभी होती. मामांनी स्कूटरवरून हॉर्न वाजवला. मग शिस्तीत स्कूटर मागे घेतली. लोकांना मामा शेजारच्या उसात सापडले, खांदा निखळलेला. पहिला प्रश्न ट्रॅक्टरवाल्याला, "हलली का न्हाय ट्रॉली?" तो बिचारा खरं बोलला. "आबा, मी तितंच बसून जेवत व्हतो. मला कळलंच न्हाय."

खांदा बसला, पण मामा त्या एका वाक्याने मोडले. आता दार अडकलं तर मुकाट्याने ओढून उघडतात. माझी हसण्याची हक्काची जागा गेली, आणि खरं सांगतो, मला ते अजिबात आवडलं नाही.

परवा बारामतीहून त्यांना बघायला गेलो. माझा चहा गोड होता. मामांच्या कपात मामींनी साखर घातलीच नाही, मुद्दाम. मी डोळ्यांनी पाहिलं. मग भाकरी थापायचं थांबवून त्या मामांच्या पायांकडे बघत राहिल्या. मीही बघत होतो. उठा मामा, मनात म्हणत होतो, गोठ्यापर्यंत जा.

मामांनी कप संपवला. "बरा झालाय," म्हणाले.

इतक्या वर्षांच्या धडकांनी जागची न हललेली ती बाई पिठाच्या हातानेच पदर डोळ्यांना लावत उठली आणि आत गेली. तव्यावरची भाकरी करपत राहिली.