एका माणसाबद्दल सांगता येत नाही

नवऱ्याच्या मूत्रपिंडात कर्करोगाची गाठ निघाली, तेव्हा त्याच्याच कारखान्यातल्या एका द्रवाची फाइल माझ्या टेबलावर होती.

मी मूळची साताऱ्याची. लग्नानंतर लखनौला आले, तिथल्या महानगर नावाच्या वस्तीत संसार थाटला आणि इथल्याच एका प्रयोगशाळेत विषारी रसायनांवर काम करत राहिले. नवरा इंजिनिअर, आलमबागच्या बाजूच्या एका खाजगी कारखान्यात. तिथे यंत्रांच्या भागांवरचं ग्रीस धुवायला एक गोडसर वासाचा द्रव वापरत. तो वास त्याच्या शर्टांना यायचा. मी ते शर्ट वेगळे भिजवायचे, एवढंच.

त्या द्रवाने कर्करोग होतो का, हे ठरवणाऱ्या समितीवर मी होते. माणसांवरचे अभ्यास थोडे होते आणि एकमेकांशी जुळत नव्हते. उंदरांना झालेल्या गाठींवरून माणसाबद्दल काही म्हणता येतं का, यावर वाद होता. उरला तिसरा पुरावा: द्रव शरीरात गेल्यावर पेशीत नेमकं काय करतो. ते आमचं काम. कामगारांच्या रक्ताच्या स्लाइड सूक्ष्मदर्शकाखाली ठेवायच्या आणि पेशीच्या केंद्रकाशेजारी सुटा ठिपका दिसला की मोजायचा. ठिपका म्हणजे तुटलेल्या गुणसूत्राचा तुकडा. स्लाइडवर नाव नसे, फक्त कोड. रक्त देणाऱ्यांत माझा नवराही होता. मीच त्याला तयार केलं होतं.

निदानाच्या दुसऱ्या दिवशी मी समितीच्या अध्यक्षांना सगळं सांगितलं. ते म्हणाले, "मॅडम, आप वोट मत कीजिए. लेकिन डेटा तो आपको ही समझाना पड़ेगा."

मी बरं म्हटलं. रडू येईल असं वाटलं होतं, आलं नाही. घरी जाताना वाटेतल्या कपूरथला भागातल्या बाजारातून दुधी घेतला.

ऑपरेशननंतर एका दुपारी तो उशीला टेकून बसला होता. मी संत्रं सोलत होते.

"त्या द्रवानेच झालं का गं?"

"एका माणसाबद्दल सांगता येत नाही. पुष्कळ माणसांबद्दल सांगता येतं."

"माझी स्लाइड पाहिलीस?"

"पाहिली असेन. कुठली तुझी, ते मला माहीत नाही."

"शोधता येईल ना?"

"येईल. पण ठिपके वयानेही वाढतात. त्यातून तुला उत्तर मिळणार नाही."

तो म्हणाला, "बायको म्हणून सांग."

"मला वाटतं, हो."

त्याने मान हलवली आणि माझ्या हातातली फोड घेतली. दारात उभ्या असलेल्या आमच्या मुलीने विचारलं, "मम्मी, मीटिंग में भी यही बोलोगी?"

"नाही. तिथे 'मला वाटतं' चालत नाही."

बैठकीत मी क्रमाने सांगितलं. शरीर त्या द्रवापासून दुसराच एक पदार्थ बनवतं. तो मूत्रपिंडात पोचतो आणि तिथल्या पेशींचा डीएनए तोडतो. उंदरांत हेच दिसलं, प्रयोगशाळेत काचेच्या बशीत वाढवलेल्या माणसाच्या पेशींतही, आणि कामगारांच्या रक्तातही तुटल्याच्या खुणा होत्या. एका सदस्याने आडवे प्रश्न विचारले. माझा आवाज एकदाही हलला नाही, याचं मला नंतर आश्चर्य वाटलं. मतदानाच्या वेळी मी बाहेर कॉरिडॉरमध्ये उभी राहिले. खाली माळी कुंड्यांना पाणी घालत होता. दार उघडून कुणीतरी सांगितलं, द्रव कर्करोगकारक ठरला, पेशींतल्या पुराव्याने पारडं फिरलं. मी थँक यू म्हटलं.

काही महिन्यांनी कारखान्यात तो द्रव बंद होऊन साबणाच्या गरम पाण्याने धुणारं यंत्र आलं. नवऱ्याच्या सहकाऱ्याने फोन करून कळवलं. तोवर रोग फुफ्फुसांत पोचला होता. "अच्छा, बढ़िया," नवरा म्हणाला आणि पंप कुठल्या क्षमतेचा बसवलाय, ते विचारत बसला. मार्चमध्ये तो गेला.

पंधरवड्याने मी कामावर गेले. आंब्यावर फवारायच्या एका औषधाची फाइल आली होती. रक्ताचे नमुने घ्यायला लखनौजवळच्या मलिहाबादच्या आमरायांत जायचं होतं. झाडांवर बारीक कैऱ्या धरल्या होत्या. फवारणी करणारा पहिला माणूस बाही वर करून खुर्चीत बसला आणि त्याने विचारलं, सकाळी नाश्ता केलाय, चालेल ना? मी चालेल म्हटलं आणि त्याचं वय लिहून घेतलं.