कोणताही वाद नाही

परस्पर संमतीच्या घटस्फोटाचा अर्ज आता ऑनलाइन तयार करून मिळतो. वर्षभरापूर्वी वेगळा राहायला गेलेला माझा नवरा श्रीधर त्यासाठीच त्या दुपारी घरी आला. शेजारी बसून आम्ही लॅपटॉपवर सगळी उत्तरं भरली. कुणाचाच आवाज चढला नाही. शेवटी श्रीधरने मसुदा वाचून दाखवणारं बटण दाबलं.

एक बाई बोलू लागली. तिला मध्ये श्वास घ्यावा लागत नव्हता. "अर्जदार एक व अर्जदार दोन यांना अपत्य नाही. त्यांच्यात आता कोणताही वाद नाही." बाहेर रखरखीत ऊन होतं, तरी माझे हात गार पडले. गेलेल्या माणसांबद्दल असंच बोलतात. ती दोघं कधीतरी वारली होती, आणि त्यांच्या खुर्च्यांवर बसून आम्ही ऐकत होतो.

"बंद कर रे ते," मी म्हणाले.

"केव्हाच केलंय," श्रीधर हळूच म्हणाला. त्यालाही ऐकू येत असावं.

आम्ही अर्ज पाठवला. चपला घालून तो दारात क्षणभर थांबला आणि सवयीने म्हणाला, "येतो गं."

इतक्या वर्षांत त्या शब्दाची मला पहिल्यांदाच भीती वाटली.