मायच्या माळेतले दोन भाजलेले मोती

मोत्याला उष्णता सोसत नाही, हे मी मायला माळ दिली त्याच दिवशी सांगितलं होतं. सांगितलं म्हणजे चांगलं तासभर सांगितलं. आमच्या घराण्यात कॉलेजची पायरी चढलेली मी पहिली. बी.एस्सी. केलं, एम.एस्सी. केलं, आता खामगावात अकरावी-बारावीला रसायनशास्त्र शिकवते. त्यामुळं माहीत असलेली गोष्ट थोडक्यात सांगणं मला जमत नाही.

माळ हैदराबादहून आणली होती. आम्हा शिक्षकांची सहल गेली होती, तेव्हा मी दुकानात बसून एकेक माळ उजेडाला धरून पाहिली आणि मायच्या सावळ्या गळ्याला शोभेल अशी, जरा गुलाबी झाक असलेली निवडली. दिवाळीत पिंपळगाव राजाला घरी गेले आणि ती मायच्या हातात ठेवली. मायनं आधी हात पदराला पुसले, मग घेतली.

"थंडगार हायेत वं," ती म्हणाली.

"खरे मोती हातात घेतले की आधी गारच लागतात," मी म्हटलं आणि माझा तास सुरू झाला. मोती दगडासारखा नसतो. त्याच्या थरांमध्ये थोडं पाणी असतं. फार तापला तर तो कोरडा पडतो, पिवळा होतो, बारीक तडे जातात. म्हणून चुलीजवळ नाही, गॅसजवळ नाही, खिडकीच्या उन्हात नाही. आपण सोनं रिठ्याच्या उकळत्या पाण्यात टाकतो, तसं तर मुळीच नाही. तेल, पावडर, अत्तर आधी, माळ सगळ्यात शेवटी. काढली की ओलसर मऊ फडक्यानं पुसायची, वाळू द्यायची आणि सुती कापडात आडवी ठेवायची. टांगली तर दोरा ताणतो. प्लास्टिकच्या पिशवीत कोंबायची नाही.

माझा मोठा भाऊ बाजेवर पडून ऐकत होता. दहावीनंतर त्यानं शाळा सोडली, शेती तोच पाहतो. म्हणाला, "एवढी जपवनूक तं बाळंतिनीची बी नसते, मॅडम."

माय हसली. मीही हसले. त्याच हसण्याच्या भरात मी सांगून टाकलं की हे मोती समुद्रातले नाहीत, गोड्या पाण्यात शिंपले पाळून काढतात, मोत्याची शेतीच असते ती.

"शेती?" दादा उठून बसला. "मंग पेरनी कोनत्या नक्षत्रात करतेत म्हना?"

"दादा, शिंपल्याच्या पोटात बारीक कण सोडतात, त्याच्यावर शिंपला थर चढवतो. मोती खराच असतो."

"मान्सानं केलेला, तरी खरा?"

"तुझा कापूस माणसानंच पेरलेला असतो ना? मग तो खोटा का?"

तो परत बाजेवर आडवा झाला. मला वाटलं, पटलं.

पुढच्या मे महिन्यात सुटीत घरी गेले तेव्हा माळ पाहायला मागितली. मधल्या मोठ्या मोत्यांपैकी दोनांवर डाग होते. मोहरीएवढे, गोल, कडेला तपकिरी. एकाला डागाजवळून केसासारखी चीर गेलेली.

"हे काय झालं?"

मायनं माळ हातात घेतली, डोळ्यांजवळ नेली, परत दिली. "ऊन लई हाय न यंदा," ती म्हणाली.

मला तेच हवं होतं. आमच्या घरावर टिनपत्रे आहेत. लोखंडी कपाट पश्चिमेच्या भिंतीला, दुपारी त्याच्या दाराला हात लावला तर चटका बसायचा. म्हणजे चूक माझीच. पत्र्याच्या घरात मोती दिले आणि कपाट कुठं आहे हे पाहिलंच नाही. त्या सुटीत मी दादाला आणि मायला हाताशी घेऊन कपाट आतल्या मातीच्या भिंतीला लावलं. माळ सुती कापडात गुंडाळून, फार कोरडी पडू नये म्हणून त्याच कप्प्यात पाण्याची लहान वाटी ठेवली. मायला सांगितलं, वाटीतलं पाणी बदलत जा. "हो माय," ती म्हणाली; लाडानं ती लेकीलाही मायच म्हणते. दर रविवारी मी फोनवर विचारायची, पाणी बदललं का? ती म्हणायची, बदललं.

त्याच सुटीत एकदा खामगावच्या सोनाराकडे माळ दाखवायला नेली होती, तेव्हा त्यानं भिंगातून बराच वेळ पाहिलं. "ताई, ऊन असं गोल लागत नाई," तो म्हणाला. "अन् लागलं तं सगळ्याच मोत्याइले लागतं. हे दोनच काऊन?"

मी त्याला थरांतल्या पाण्याबद्दल सांगितलं. तो ऐकून घेत राहिला आणि शेवटी म्हणाला, "तुमी शिकेल हाय, तुमाले जास्त समजते." एवढंच नाही, त्या वर्षी वर्गात उष्णतेनं होणारे बदल शिकवताना मी मायच्या मोत्यांचं उदाहरण दिलं. पोरांनी वहीत लिहून घेतलं.

हिवाळ्यात जळगाव जामोदला मामेबहिणीचं लग्न होतं. माय माळ घालून आली होती. जेवणाच्या मांडवात मी तिच्या मागच्या रांगेत पाठीला पाठ लावून बसले होते. नवरदेवाकडची एक बाई मायला विचारत होती, माळ कुठून घेतली, खरी आहे का.

"खरी हाय बाई," माय मोठ्या दिमाखानं म्हणाली. "आमच्या पोरानं सुई लाल तापवून लावून पाह्यली. दोन जागी पाह्यली. नाई वितळले."

माझ्या हातात पुरीचा तुकडा होता. तो तसाच राहिला.

घरी आल्यावर दादाला आणि मायला समोर बसवलं. "कधी केलं?"

"दिवाळीतच," दादा म्हणाला. "तू खामगावले गेली त्याच्या दुसऱ्या दिवशी. लोक म्हनत, शेतीतले मोती म्हंजे प्लास्टिक. म्हटलं पाहून घ्या. सुई गॅसवर लाल केली अन् टेकवली."

"दोन मोत्यांना का?"

"पहिल्याले प्लास्टिकचा वास आला नाई, म्हून खात्रीले अजून एक पाह्यला."

"मोती कोणी धरला होता?"

दादानं मायकडे पाहिलं. माय पायाच्या अंगठ्याकडे पाहत होती. "म्या," ती म्हणाली. "सांडशीनं नाई धरला. हातानंच धरला, पडू नाई म्हून."

दादावर मला राग आला, पण तो नुसता रागच होता. मायचं ऐकून मात्र मी आतून खचले. ज्या हातांनी पदराला पुसून माळ घेतली होती, त्याच हातांनी ती सुईपुढं धरली. आणि वर सगळा उन्हाळा, मी कपाटं ओढत होते, वाट्या भरत होते, स्वतःला दोष देत होते, तेव्हा ती "हो माय" म्हणत होती.

"मला विचारायचं होतं," मी म्हटलं. "दाताच्या कडेवर हलकेच घासून पाहिला असता तरी कळलं असतं. खरा असला की खरखर लागते. मी दाखवलं असतं."

"तुले काय इचारावं?" माय म्हणाली. "तू तं खरेच म्हनली असती."

"कारण ते खरे होते."

"हो न. निंगालेच खरे. मंग काऊन रडतं वं?"

हे तिला कसं समजवायचं, ते मला आजही जमलेलं नाही. मला शिकवायला तिनं लोकांच्या शेतात निंदण-खुरपण केलं. गावात ती सांगत फिरायची, माई पोरगी मास्तरीन हाय. आणि माझ्या शब्दाला शेवटी एक तापलेली सुई लावावीच लागली. शब्द खरा निघाला याचा त्यांना आनंद झाला होता. मला तो आनंद नको होता.

सोनाराचं म्हणणं खरं निघालं होतं, म्हणून त्याची माफी मागायला गेले. तो म्हणाला, ते दोन मोती काढून माळ परत ओवून देतो. मी नको म्हटलं. भाजलेल्या मोत्याला पॉलिश करून काही होत नाही आणि ते काढले तर घरात काही झालंच नाही असं सगळे धरून चालतील. नुसता दोरा नवा घालून घेतला, दोन मोत्यांमध्ये गाठी मारून, म्हणजे तुटला तरी सगळे सांडणार नाहीत. माळ मायला परत दिली. काळजी कशी घ्यायची ते सांगितलं नाही. पहिल्यांदाच माझा तास झाला नाही.

यंदा मार्चमध्येच ऊन कडक झालं. एका दुपारी मायचा फोन आला. हवापाणी, गव्हाची मळणी, भावाच्या पोरीचा खोकला, सगळं झालं. मग ती जरा थांबली.

"माळ कुठी ठेवू वं आता? आतल्या भिंतीले बी कपाट तापून राह्यलं."

"दादाले विचार," मी म्हटलं.

तिनं फोन ठेवला नाही. मीही ठेवला नाही. तिकडं पंख्याचा आवाज येत होता.