वीसला विकलेला रसेल

क्लिफर्ड ऑल्सॉप हल्ली पबमध्ये येत नाही. रस्त्यात भेटला तर खाली बघून चालू लागतो. आमच्या डर्बीशरच्या गावात दगडी कुंपण त्याच्याइतकं सरळ कोणी रचत नाही, म्हणून जास्तच वाईट वाटतं.

शनिवारी सामन्याआधी पबवाली मॉरीन पैजेसाठी प्रत्येकाच्या धावांचे आकडे सांगायची. "रसेल ऑल्सॉप, वीस ते तेवीस!" जास्त धावा होतील असं वाटलं तर तेवीसला घ्यायचं, कमी वाटलं तर वीसला विकायचं. फरकाच्या प्रत्येक धावेला एक पौंड. क्लिफर्ड दरवेळी विकायचा. आणि रसेल त्याचाच मुलगा.

"अरे, पोटच्या पोराला विकतोस?" मी डिवचायचो.

"पोरगं खेळलं तर आनंद, नाही खेळलं तर बिअर. माझं कुठंच नुकसान नाही!"

पैजा लागायच्या तेव्हा रसेल मैदानावर असायचा, त्याला यातलं काही ठाऊक नव्हतं. मला मात्र बापाची ही युक्ती गोडच वाटायची.

आमच्याकडे फलंदाजी करणाऱ्या संघातलंच कोणीतरी पंचाचा पांढरा कोट चढवतं. त्या शनिवारी कोणी मिळेना, तेव्हा क्लिफर्डने चढवला.

"मग पैज मोडू का?" मॉरीनने विचारलं.

"कशाला? मी काय चोर आहे?"

रसेल एकोणीसवर होता. चेंडू पॅडवर आदळला, सगळे ओरडले आणि क्लिफर्डचं बोट तडक वर गेलं. रसेलने बॅटची कड दाखवली, क्षणभर बापाकडे पाहिलं आणि निघाला.

संध्याकाळी पबमध्ये मॉरीनने, रसेल समोरच आहे हे विसरून, सवयीने नाणं पुढे सरकवलं. "घे क्लिफ, एक पौंड. वीसला विकलास, एकोणीसला गेला."

रसेलचा ग्लास तोंडापाशीच थांबला. "कोणाला विकलं, डॅड?"

क्लिफर्डचे कान लालबुंद झाले. "दरवेळी विकतो रे... गंमत म्हणून."

"चेंडू आधी बॅटला लागला होता. आवाज नाही आला तुला?"

तो खोटं बोलला असता तर आम्ही सगळे सुटलो असतो. पण तेही त्याला जमेना.

"आला होता," तो म्हणाला. "पण तुझे एकोणीस झाले होते."

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. त्याचं काय झालं असेल! रसेलने नाणं उचललं आणि बापाच्या अंगात अजून असलेल्या पांढऱ्या कोटाच्या खिशात टाकलं. आत चेंडू मोजायचे खडे होते. त्यांवर ते वाजलेलं आम्हां सगळ्यांना ऐकू आलं.